लस आणि निर्बंध: सुट्टीच्या दिवसांत गावबैठक कशी घ्यावी

डिसेंबर लागला की खानदेशात माणसं एकत्र येतात. सुरत, पुणे, मुंबईला गेलेली पोरं घरी येतात, मळ्यात भरीत पार्ट्या रंगतात, लग्नाच्या तिथी असतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा आणि घोडेबाजार भरतो, नवापूरकडच्या गावांत नाताळ असतो. कोरोनाच्या साथीच्या बातम्याही नेमक्या याच दिवसांत आल्या आहेत. २०२० ला रात्रीची संचारबंदी, २०२१ ला ओमायक्रॉन, २०२३ ला जेएन.१ हे विषाणूचे नवे प्रकार. आणि दरवेळी पारावर तोच वाद पेटतो: लस घ्यायची की नाही, लग्नाला माणसं मोजायची की नाही, यात्रा बंद का. हा वाद दाबून मिटत नाही. तो नीट घडवून आणावा लागतो. सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, शिक्षक किंवा तरुण मंडळ यांपैकी जो कोणी पुढाकार घेईल, त्याच्यासाठी ही माहिती.

एक नाही, दोन बैठका

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लस आणि निर्बंध हे दोन्ही विषय एकाच बैठकीत घेतले जातात. लशीचा प्रश्न अंगाचा आहे: मला काय होईल, माझ्या लेकराला काय होईल? त्याचं उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे असतं. निर्बंधांचा प्रश्न पोटाचा आहे: कोणाची कमाई बुडते आणि कोणाची नाही? त्याचं उत्तर आदेशात, तहसील कार्यालयात आणि गावाच्या आपसातल्या समजुतीत असतं. दोन्ही कालवले की ज्याच्या मुलीचं लग्न अडलंय त्या बापाचा राग सिस्टरवर निघतो. लशीबद्दल विचारायला आलेल्या बाया गप्प बसतात आणि बैठक भांडणात संपते. म्हणून दोन बैठकांत निदान तीन दिवसांचं अंतर ठेवा. लशीची आधी घ्या, निर्बंधांची नंतर.

दिवस, वेळ, जागा

हे कापूस वेचणीचे दिवस. रोजंदारीवर जाणारी माणसं आणि बाया सकाळी निघतात, दिवस मावळता परततात. दुपारी बारा वाजता ठेवलेल्या बैठकीला फक्त पारावरची नेहमीची मंडळी येतात आणि मग ‘गावाने ठरवलं’ असं कोणी म्हणू शकत नाही. बऱ्याच गावांत आठवडे बाजाराच्या दिवशी मजूर वेचणीला जात नाहीत. तो दिवस धरा, बाजार आटोपल्यावर चार वाजता सुरू करा. पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि लगेच गारठा पडतो, तेव्हा दीड तासात उरका. रात्रीची बैठक ठेवायचीच असेल, तर त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा आहे की रात्री ते आधी पाहा. रात्रीची असेल तर गहू-हरभऱ्याला पाणी भरणारे सगळे शेतात असतील.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर गावात नसतात. त्यांच्यासाठी बैठक दिवाळीपूर्वी घ्या, नाहीतर मुकादमामार्फत फोनवर प्रश्न गोळा करा. २०२१ मध्ये दुसरा डोस चुकायचं हे एक मोठं कारण होतं. पहिला डोस गावात झाला, दुसऱ्याची तारीख आली तेव्हा माणूस फडात.

जागा उघडी हवी. शाळेचं पटांगण सगळ्यात चांगलं. थंडी आहे म्हणून समाजमंदिरात दारं-खिडक्या लावून बसणं, हेच साथीत टाळायचं असतं. साठ माणसांना दोन-दोन मीटर अंतराने बसवायचं तर साधारण १५ बाय १६ मीटरची मोकळी जागा लागते. बैठकीआधी चुन्याच्या फक्कीने खुणा करा. सतरंजी अंथरली की लोक खेटून बसतात, म्हणून गोणपाटाचे सुटे तुकडे टाका. शेकोटी पेटवू नका. पेटली की पाच मिनिटांत सगळे तिच्याभोवती कोंडाळं करतात.

आधी जमवायचे कागद

लागू असलेल्या शासन आदेशाची आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत आणा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो चालणार नाही. प्रतीवर तीन गोष्टी लाल शाईने अधोरेखित करा: तारीख, कोणत्या वेळेपासून लागू आणि कोणत्या हद्दीत लागू.

हद्द किती महत्त्वाची, ते डिसेंबर २०२० ने दाखवलं. २२ डिसेंबर ते ५ जानेवारीची रात्रीची संचारबंदी महापालिका क्षेत्रांसाठी होती. म्हणजे जळगाव आणि धुळे शहरात ती होती, शेजारच्या ग्रामपंचायतीत नव्हती, नंदुरबार नगरपालिकेतही नव्हती. तारखेचं मोल पुढच्या वर्षी कळलं. २४ डिसेंबर २०२१ च्या आदेशात लग्नाला बंदिस्त जागेत १०० आणि खुल्या जागेत २५० किंवा क्षमतेच्या २५ टक्के, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं चालत होती. आठवडाभरात हाच आकडा सरसकट ५० वर आला आणि अंत्यविधीला २० राहिला. १० जानेवारी २०२२ पासून रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी लागली. ज्यांच्या हातात आठवड्यापूर्वीचा कागद होता, त्यांनी तेवढ्या पत्रिका वाटून टाकल्या होत्या.

लशीची बैठक

सुरुवात भाषणाने करू नका. आधी चिठ्ठ्या. ए-फोर कागदाचे चार तुकडे, पेन्सिली आणि वर फट पाडलेला डबा. नाव लिहायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा प्रश्न आशाताई कानात ऐकून लिहितात. पंधरा मिनिटांत चिठ्ठ्या गोळा करा, एकसारख्या प्रश्नांच्या चळती लावा आणि सर्वांत जाड चळतीपासून सुरू करा. उभं राहून सगळ्यांसमोर ‘लस घेतली तर मूल होणार नाही का’ असं कोणी विचारत नाही. चिठ्ठीत मात्र हा प्रश्न हमखास येतो.

हात वर करून ‘कोणी घेतली, कोणी नाही’ हे कधीही विचारू नका. आशाताईंचं रजिस्टर वाचून दाखवू नका. ती माणसाची खाजगी बाब आहे, आणि एकदा चारचौघांत नाव निघालं की तो माणूस हट्टाला पेटतो.

‘दवाखान्यात लस घेतलेलेच जास्त आहेत, मग लशीचा उपयोग काय?’ हा प्रश्न तोंडी समजावून पटत नाही, दाखवावा लागतो. पांढरं धोतर अंथरा. त्यावर मक्याचे ९० दाणे आणि १० शेंगदाणे मांडा. मका म्हणजे लस घेतलेले, शेंगदाणे म्हणजे न घेतलेले. बाजूला एक ताटली ठेवा, तो दवाखाना. आता ९ मक्याचे दाणे आणि ५ शेंगदाणे ताटलीत टाका. ताटलीत १४ झाले, त्यातले ९ लस घेतलेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. इथपर्यंत विचारणाऱ्याचं म्हणणं खरं आहे, ते मान्य करा. मग धोतराकडे बोट दाखवा: मक्यातले ९० पैकी ९ गेले, म्हणजे दहात एक. शेंगदाण्यातले १० पैकी ५ गेले, म्हणजे दोनात एक. हे आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत, आपल्या तालुक्याचे नाहीत, हे दोनदा सांगा. दाणे एखाद्या आजीकडून मोजून घ्या. स्वतः मोजलेल्यावर विश्वास बसतो.

येणाऱ्या इतर प्रश्नांची तयारी अशी करा.

‘पोरं अचानक मरतात ती लशीमुळे.’ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. लशीने धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. कोविडमुळे आधी दवाखान्यात दाखल होणं, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास, अतोनात दारू आणि अचानक केलेले जबर श्रम यांचा संबंध आढळला. ज्या घरात असं तरुण माणूस गेलंय, ते घर बैठकीत बसलेलं असू शकतं. हे उत्तर हळू आवाजात द्या.

‘कोविशिल्डने रक्तात गुठळ्या होतात.’ होतात, अत्यंत क्वचित. हे लपवू नका. २०२४ मध्ये ही बातमी पुन्हा गाजली तेव्हा तीन वर्षांपूर्वी लस घेतलेले लोक घाबरले. हा त्रास लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो, वर्षांनंतर नाही. त्या काळात खूप डोकं दुखणं, धाप लागणं, छातीत दुखणं किंवा पाय सुजणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा.

‘दोन डोसांतलं अंतर सारखं का बदललं?’ कोविशिल्डचं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८ झालं, मे मध्ये १२ ते १६. अंतर वाढवलं की संरक्षण चांगलं मिळतं असा शास्त्रीय आधार सरकारने दिला. त्याच मे महिन्यात देशभर लशीचा तुटवडा होता, हेही खरं. दोन्ही सांगा. एक सांगून दुसरं गाळलं की लोकांना ते कळतं आणि पुढचं काहीच ते ऐकत नाहीत.

‘गेलो होतो, नर्सबाईंनी परत पाठवलं.’ ही तक्रार बहुतेकदा खरी असते. कोविशिल्डच्या एका कुपीत १० डोस असतात आणि कुपी फोडली की ४ तासांत संपवावी लागते. तीन माणसांसाठी फोडली तर सात डोस वाया जातात. यावर इलाज गावाच्याच हातात आहे: दहा-दहा नावांची तुकडी करून आदल्या दिवशी सिस्टरला कळवा. पण त्याआधी केंद्रात लस उपलब्ध आहे का, कोणाला देतात, हे विचारून घ्या. नसलेल्या लशीचा आग्रह धरणारी बैठक घेऊ नका.

लस घेतल्यावर अर्धा तास का बसवतात, हेही सांगा. जोराची ॲलर्जी आली तर ती बहुधा त्याच वेळात येते आणि इंजेक्शन तिथे तयार असतं. एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. मजुरासाठी याचा अर्थ बुडालेली मजुरी असा आहे. म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी लस ठेवली की सुट्टीत ताप निघून जातो. ‘माले काही व्हत नही’ म्हणणाऱ्या जिभाऊंशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या बरोबरीच्या, लस घेतलेल्या आबा-नानांना बोलू द्या.

बायांची बैठक अंगणवाडीत वेगळी घ्या. सासऱ्यासमोर सून पाळीबद्दल किंवा गरोदरपणाबद्दल विचारणार नाही. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर लोकांना खाली गावात बोलावू नका, तुम्ही वर जा. नर्मदाकाठच्या पाड्यांवर आरोग्य पथकही बोटीनेच पोचतं, तेव्हा त्याच फेरीत बैठक बसवा. बोलणारा माणूस पावरी किंवा भिली जाणणारा हवा, आणि पाड्याच्या कारभाऱ्याला आदल्या दिवशी भेटून यायला हवं.

सक्तीचा मुद्दा

दोन्ही बैठकांत हा निघतो, म्हणून पाठच करा. २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्याच्या आदेशात कार्यक्रम, दुकानं, प्रवास यांसाठी पूर्ण लसीकरणाची अट होती. नियम न पाळणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड होता. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात राहून निर्बंध घालता येतात, पण तेव्हाची परिस्थिती पाहता लस न घेतलेल्यांवरची बंधनं न्यायालयाला प्रमाणात वाटली नाहीत. दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवायलाही न्यायालयाने सांगितलं. म्हणून ‘लस नाही तर रेशन नाही’ ही धमकी कोणीही, गावपुढाऱ्यानेसुद्धा, देऊ नये.

निर्बंधांची बैठक

गाव आदेश सैल करू शकत नाही, हे पहिल्या वाक्यात सांगून टाका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि साथरोग कायदा १८९७ यांच्या आधाराने तो निघतो. ग्रामपंचायतीच्या ठरावाने तो बदलत नाही. मग बैठक कशासाठी? आदेशाच्या आत जे ठरवता येतं त्यासाठी, आणि ते बरंच असतं.

पहिला वाद ठरलेला: ‘पुढाऱ्यांच्या सभेला हजारो चालतात, आमच्या लग्नाला पन्नास?’ हा राग रास्त आहे. त्यावर पांघरूण घालू नका. तक्रार लिहून घ्या, गावाच्या सह्यांनी तहसीलदारांकडे पाठवा, पोच घ्या. मग गावापुरतं बोला.

लग्नात वाजंत्री, आचारी, वाढपी ठरलेल्या आकड्यात धरायचे की नाही, हे तहसील कार्यालयातून लेखी विचारा. भांडण इथेच होतं आणि पोलीस दारात आल्यावर तोंडी उत्तर उपयोगाचं नसतं. मंडपवाल्याच्या आणि बँडवाल्याच्या ॲडव्हान्सबद्दल आधीच ठरवा. तारीख पुढे गेली तर जुन्याच दरात नवी तारीख, लग्न रद्द झालं तर ॲडव्हान्स निम्मा परत. हे आकडे सुचवण्यापुरते आहेत, पण काहीतरी लिहून ठेवा. निर्बंधांचा सगळा भार या लोकांवर पडतो, म्हणून त्यांना बैठकीत पुढे बसवा.

भरीत पार्टीला बंदी नसेल तर ती मळ्यातच ठेवा, घरात नको. वांगी भाजायचं काम दोघा-तिघांकडे द्या, पंगत लांब अंतराने बसवा, घरातल्या म्हाताऱ्यांचं ताट घरी पाठवा. बाहेरगावहून आलेल्या पोरांना खोकला-ताप असेल तर त्यांनी आजी-आजोबांच्या खोलीत झोपू नये, एवढं आईवडिलांना स्पष्ट सांगा. खरा धोका इथेच असतो.

बैठकीनंतर

उत्तर न मिळालेल्या चिठ्ठ्या फेकू नका. त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या, तीन दिवसांत उत्तर लिहून आणा आणि दूध डेअरीवर व रेशन दुकानावर लावा. तिथे रोज माणसं थांबतात, ग्रामपंचायतीच्या फलकापाशी थांबत नाहीत. अक्षर मोठं, भाषा घरची, वरच्या कोपऱ्यात तारीख. नवा आदेश आला की आधी जुना कागद फाडून काढा, मगच नवा चिकटवा. दोन्ही भिंतीवर राहिले तर प्रत्येकजण आपल्याला सोयीचा आकडा वाचतो.