लष्करासाठी नवी सामग्री घ्यावी का, हे तपासायला शिकताना

कोल्हापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण करून मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत रुजू झालो. सर्वांत कमी किमतीत घेतलेले तिथले सीएनसी यंत्र सुट्या भागांअभावी महिनोन्‌महिने बंद राहिले, आणि संरक्षण खरेदीच्या अभ्यासाकडे मी वळलो तो त्याच अनुभवामुळे.

या क्षेत्रात येणाऱ्यांनी प्रथम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेली संरक्षण संपादन कार्यपद्धती, म्हणजे लष्करी खरेदीची सरकारी नियमावली, मुळातून वाचावी. सेनादल आपली गरज व गुणात्मक निकष मांडते, गरजेला मान्यता मिळते, मग निविदा निघते आणि तांत्रिक छाननी व फील्ड ट्रायलमध्ये टिकलेल्यांचेच किमतीचे लिफाफे उघडले जातात. नवख्यांचे लक्ष ट्रायलवर खिळते. माझ्या मते मात्र खरेदीचे बरेवाईट निकष लिहितानाच ठरते, कारण एकाच कंपनीच्या माहितीपत्रकावरून निकष उतरवले असतील तर पुढची कितीही प्रामाणिक चाचणी ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

सरावासाठी मी विद्यार्थ्यांना पूरबचावाच्या बोटीचे निकष लिहायला सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात लष्कराच्या बोटी आल्या होत्या, त्यामुळे प्रसंग सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. बहुतेक जण ‘वेगवान बोट’ असे लिहितात, पण तो निकष नव्हे. किती माणसे, किती वेगाच्या प्रवाहात, एका टाकीवर किती तास, ट्रकमधून पाण्यात उतरवायला किती हात, आणि बुडालेली कुंपणे व ऊस यांत पंखा अडकू नये म्हणून काय सोय, हे मोजता येईल अशा शब्दांत लिहावे लागते.

१९८६ च्या बोफोर्स व्यवहाराचाही बारकाईने अभ्यास करावा. ४१० तोफांच्या या करारावर १९८७ मध्ये लाचखोरीचे आरोप झाले, तरी १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर याच १५५ मिलिमीटर तोफांचा मारा निर्णायक ठरला. व्यवहार स्वच्छ होता का आणि तोफ योग्य होती का, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे तपासावे लागतात. करारासोबत मिळालेले आराखडे दीर्घकाळ वापराविना राहिले आणि त्यांच्या आधारे ‘धनुष’ तोफ फार उशिरा घडली. म्हणून तंत्रज्ञान हस्तांतरणाची अट वाचताना ते प्रत्यक्ष वापरणार कोण, हेही विचारावे.

कॅगचे आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल नियमित वाचावेत. त्याबरोबरच, आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीपासून गडहिंग्लजपर्यंत निवृत्त जवान गावोगाव आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन जावे. एका निवृत्त हवालदारांनी मला सांगितले होते, “साहेब, कागदावर वायरलेस सेटचं वजन लिहितात, पण जादा बॅटऱ्या आमच्याच पाठीवर असतात.” तेव्हापासून वजनाचा कोणताही आकडा दिसला की त्यात बॅटऱ्या धरल्या आहेत का, हे मी आधी पाहतो.