दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

अंतर काढणं दोन मिनिटांचं काम आहे. शहराच्या मध्याचे नव्हे, विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या आणि ग्रेट सर्कल अंतर (पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर) देणाऱ्या कुठल्याही कॅल्क्युलेटरमध्ये टाका. पश्चिम रेखांशाला वजा चिन्ह लावा. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजायच्या फंदात पडू नका.

खरी गोची वेळ काढताना होते. ‘अंतर भागिले 900’ (म्हणजे विमानाचा वेग ताशी 900 किमी धरा) हा सल्ला जिथे तिथे वाचायला मिळतो आणि मला त्याचा वीट आलाय. लंडनच्या हीथ्रोहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं अंतर सुमारे 5,540 किमी. 900 ने भागलं की येतात सहा तास दहा मिनिटं. एवढ्यात न्यूयॉर्कला उतरणारं विमान शोधून दाखवा!

मी असा हिशोब करतो. विमान नेमक्या जवळच्या रेषेवरून उडत नाही, म्हणून अंतरात आधी चार टक्के वाढवायचे: 5,760 किमी. मोठ्या जेटचा वेग ताशी 880 धरायचा. मग वारा. या पट्ट्यात उंचावर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोराने. सरासरी ताशी 80 किमी धरला, तर न्यूयॉर्कला जाताना वेग उरतो 800, म्हणजे सात तास बारा मिनिटं. परतताना 960, म्हणजे बरोबर सहा तास. टॅक्सी (विमानाचं विमानतळावर जमिनीवरून चालणं), चढण, उतरण यांची एकूण 40 मिनिटं जाताना आणि येताना, दोन्ही वेळांत मिळवा. जाताना जवळजवळ आठ तास, येताना पावणेसातच्या आत. ‘जाता-येता वारा फिटंफाट होतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, त्यामुळे तोटा फायद्यापेक्षा मोठाच राहतो.

अंतर हजार किमीच्या आत असेल तर वाऱ्याचा फार विचार नको, पण ती 40 मिनिटं विसरलात तर उत्तर पार फसेल.

मार्ग खुला आहे का, हेही बघा. हेलसिंकी–टोकियो अंतर साधारण 7,800 किमी, पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास 13 तासांवर गेला. कॅल्क्युलेटर मात्र अजून 7,800 च दाखवतो.

पडताळा घ्यायचा तर गेल्या आठवड्यातल्या उड्डाणांच्या प्रत्यक्ष वेळा पाहा. उशीर दिसू नये म्हणून वेळापत्रकात कंपन्या आधीच थोडी मिनिटं वाढवून ठेवतात. शिवाय त्यातल्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये एरवी पाच तासांचा फरक, पण मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर तो चारच असतो, कारण दोन्ही देश घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात. त्या दिवसांतलं तिकीट असेल तर वजाबाकी तारीख बघून करा.