परकीय गंगाजळीचा हिशेब मांडताना या चुका टाळा

दिवसा मी सोलापुरातल्या टॉवेल कारखानदारांच्या वह्या लिहिते आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. दोन्हीकडे एकच चूक दिसते. शिल्लक तोंडपाठ असते, पण देणं कधी आणि कोणत्या चलनात चुकवायचंय हे कुणी बघत नाही.

2024 च्या सप्टेंबरअखेर देशाची गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा आणि सोन्याचा साठा, 704 अब्ज डॉलरांवर गेली. मुलांनी तो आकडा लगेच पाठ केला. "मग वर्षभरात बाहेर किती जाणार?" असं विचारलं, तर वर्ग गप्प.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते मुदतीच्या घोळात. एखाद्या कारखान्यानं जकार्ड मागांसाठी पाच वर्षांचं युरो कर्ज काढलं आणि त्याचा शेवटचा हप्ता येत्या मार्चमध्ये आहे, असं समजा. मूळ मुदत पाहिली तर कर्ज दीर्घ मुदतीचं, पण पैसे याच वर्षी जाणार. म्हणून शिल्लक मुदत, म्हणजे फेडीला आजपासून उरलेला काळ, धरायची. फरक बारीक नाही. मार्च 2024 ला भारताचं अल्पमुदतीचं (वर्षभरात फेडायचं) बाह्य कर्ज मूळ मुदतीनं गंगाजळीच्या साधारण 19 टक्के होतं, शिल्लक मुदतीनं 44 टक्क्यांच्या आसपास. अनिवासी भारतीयांच्या वर्षभरात मुदत संपणाऱ्या ठेवीही या दुसऱ्या आकड्यात असतात. अर्जेंटिनाचे अर्थ-उपमंत्री राहिलेले पाब्लो गिडोटी आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या नावानं 1999 पासून ओळखला जाणारा निकष शिल्लक मुदतीवरच उभा आहे: एक वर्ष नवं कर्ज मिळालं नाही तरी देणी भागतील एवढा साठा हवा.

दुसरी चूक मला वहीतच सापडली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक निर्यातदार सुताच्या बिलाची तारीख उद्यावर आली तरी निर्धास्त होते. "ताई, चाळीस लाखांची एफडी आहे की!" त्यांनी पावती टेबलावर ठेवली, मी उलटून पाहिली. मागं बँकेचा तारणाचा शिक्का होता. एफडी त्यांच्याच नावावर, पण मोडता येणार नव्हती.

देशांचंही असंच होतं. 1997 मध्ये दक्षिण कोरियाच्या मध्यवर्ती बँकेनं साठ्यातले डॉलर आपल्याच बँकांच्या परदेशी शाखांत ठेवले होते. शाखांनी ते स्वतःची कर्जं फेडायला वापरले, आणि ऐन गरजेला ते परत मागता येईनात. 2022 च्या मार्चअखेर श्रीलंकेकडे कागदावर 1.9 अब्ज डॉलर होते, पण त्यातले सुमारे दीड अब्ज चीनसोबतच्या चलन अदलाबदलीच्या करारातून (स्वॅप) आलेले, आयातीची बिलं भागवायला न वापरता येणारे. 12 एप्रिलला त्या देशानं परकीय कर्जफेड थांबवली. म्हणून साठा लिहिताना 'यातलं मोकळं किती?' हा रकाना आधी आखा.

वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावानं चलन देण्याघेण्याचे करार, तर मुलं सरसकट विसरतात. 1997 च्या मध्यात थायलंडचा साठा 30 अब्ज डॉलरांहून जास्त दिसत होता, पण चलन सावरण्याच्या धडपडीत 23 अब्जांहून अधिक डॉलर वायद्यानं देणं होऊन बसले होते. 2 जुलैला थायलंडला आपल्या चलनाचा, बाटचा, भाव बाजारावर सोडावा लागला. आपल्या रिझर्व्ह बँकेचीही फेब्रुवारी 2025 अखेर वायद्यातली निव्वळ डॉलर विक्री 88 अब्जांच्या वर होती. साठ्याच्या मानानं ती पेलण्यासारखी होती, तरी ती धरल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

बेरीज जुळत नसेल तर आधी तक्ता कोणाचा आहे ते पाहा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नमुन्यात रिझर्व्ह बँक दर महिन्याला जो तक्ता देते, त्यात देणी फक्त सरकार आणि मध्यवर्ती बँकेची असतात, तीही परकीय चलनातली: एक महिन्यापर्यंत, एक ते तीन महिने, तीन महिने ते एक वर्ष. खासगी कंपन्यांची कर्जं त्यात शोधू नका, ती बाह्य कर्जाच्या अहवालात मिळतील. रुपयात चुकवायचं देणं या तक्त्यात मिसळू नका.

आणि आठवड्याचा आकडा घसरला की लगेच 'डॉलर विकले' असं लिहू नका. साठ्यात युरो, पौंड, येन आणि सोनंही असतं. डॉलर वधारला की तोच साठा डॉलरमध्ये कमी दिसतो. त्या आठवड्यातला युरोचा आणि सोन्याचा भाव शेजारी मांडून बघा, मगच कारण लिहा.