क्रेडिट कसे मान्य करून घेतले (माझा अनुभव)

नाशिकमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं करून पुढचं शिक्षण आयर्लंडमध्ये, असा माझा ट्रान्सफरचा मार्ग होता. पण तिथून उत्तर आलं: सर्व्हेइंग आणि फ्लुइड मेकॅनिक्सचे क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे, अभ्यासाच्या तासांवर ठरणारे श्रेयांक) धरता येणार नाहीत, तास कमी दिसतात.

गोम मोजमापात होती. आपल्याकडे थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास शिकवणं. युरोपात एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात, आणि त्यात प्रॅक्टिकल, सबमिशन, घरचा अभ्यास सगळं येतं. नुसत्या मार्कशीटवरून हे कळणार कसं?

मग प्रत्येक विषयाचा युनिटवार सिलॅबस, प्रॅक्टिकलची यादी, टर्मवर्कचे तास असा तक्ता केला, शेजारी त्यांच्या मॉड्यूलमधले मुद्दे मांडले आणि विभागप्रमुखांची सही-शिक्का घेतला. सरांनी फिल्डवर्कचे तास वेगळे लिहायला लावले. सर्व्हेइंग त्यामुळेच मान्य झालं असं मला ठाम वाटतं. फ्लुइडही झालं.

काँक्रीट डिझाइनसाठी मात्र भांडू नका. आपण आयएस ४५६ (काँक्रीट डिझाइनचं भारतीय मानक) शिकतो, तिकडे युरोकोड २ (त्याच कामाचं युरोपीय मानक) चालतो. तो विषय तिथे जाऊन शिकावाच. आणि वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय करार) दाखला इथे देऊ नका, तो पूर्ण झालेल्या पदवीसाठी असतो.