घरच्या शाळेतली हस्तकला का फसते? गोव्यातल्या हवेत या चुका टाळा

आषाढात मिठाच्या कणकेची फळं करून खिडकीत ठेवली, तर आठ दिवसांनीही ती सुकत नाहीत. उलट त्यांना पाणी सुटतं, मग बुरशीचे ठिपके दिसायला लागतात. यात मुलाच्या हाताचा काही दोष नाही. मीठ हवेतलं बाष्प ओढतं आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत बाष्पाशिवाय दुसरं काय असतं! टिकवायच्या वस्तू नोव्हेंबरनंतर करा. पावसात कणीक फक्त खेळायची, रोज मोडून पुन्हा करायची.

त्यासाठी कच्ची नाही, शिजवलेली कणीक घ्या. १ वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, १ वाटी पाणी, १ मोठा चमचा तेल आणि २ मोठे चमचे लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून एकत्र करा आणि मंद आचेवर ढवळत राहा. ३ ते ५ मिनिटांत गोळा कढईची कड सोडतो. निवल्यावर मळा. हाताला चिकटत असेल तर ती कमी शिजली आहे, पुन्हा मिनिटभर आचेवर ठेवा. इथे बहुतेक जण वरून कोरडा मैदा घालतात आणि गोळा दगड होतो. मळताना तडे जात असतील तर हात ओला करून मळा. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ती दोन आठवडे सहज राहते. आंबूस वास आला की टाकून द्या, पण कुत्र्याला मिळेल अशी टाकू नका. एवढं मीठ त्याला बाधतं.

कागदकामाला मैद्याची खळ स्वस्त आणि उत्तम: २ चमचे मैदा, १ वाटी पाणी, पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. पावसात ती दोन दिवसांत संपवा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. मुलांच्या खळीत तो अजिबात नको, विषारी आहे.

बिया मोजायला देताना

ही चूक सगळ्यांत महागात पडते. आवारात सापडलेली प्रत्येक सुंदर बी मोजणीची नसते. लाल-काळी गुंज दिसायला मण्यासारखी असते, पण चावली किंवा तिला भोक पाडलं तर आतलं विष जीवघेणं आहे. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांचंही तेच. उन्हाळ्यात बागायतीतून आणलेल्या काजूच्या कच्च्या बियांच्या सालीत तेल असतं, त्याने कातडीवर फोड येतात. तोच हात डोळ्याला लागला तर विचारूच नका. चतुर्थीच्या माटोळीवर (गणपतीच्या वर फळं-पानं बांधलेली चौकट) रंग आणि आकार शिकवणं ही छान कल्पना, पण शोभेसाठी बांधलेलं प्रत्येक फळ खाण्याचं नसतं हे आधी सांगा. मोजायला चिंचोके घ्या. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोकेही खेळ संपल्यावर मोजून डब्यात परत.

तिसऱ्यांच्या जोड्या

तिसऱ्या म्हणजे आपण खातो ते शिंपले. स्वयंपाकघरातून फुकट मिळणारं, दुकानातल्या कुठल्याही खेळण्यापेक्षा चांगलं सामान. मात्र जेवण झाल्यावर शिंपले नुसते विसळून ठेवले की दुसऱ्या दिवशी घरभर वास. वास राहतो तो दोन ठिकाणी: आतल्या बाजूला जिथे मांस चिकटलेलं असतं तिथे, आणि सांध्यावरच्या काळपट पट्टीत. १० मिनिटं उकळा, जुन्या दातांच्या ब्रशने या दोन जागा घासा, पट्टी खरवडून काढा (अर्धे सुटतील, पण जोडी एकत्रच ठेवा), दोन दिवस ऊन द्या. फुटक्या कडेचे शिंपले बाजूला काढा, ते हात कापतात.

जोड्या मिसळण्याआधी दोन्ही अर्ध्यांच्या आत पेन्सिलीने एकच आकडा लिहा. मग सगळे पालथे घालून मिसळा. मुलाने जोडीदार शोधायचा. सांध्याशी बारीक दात असतात आणि एकाचे दात दुसऱ्याच्या खाचांत नेमके बसतात. चुकीची जोडी डुगडुगते किंवा फट ठेवते, बरोबर असेल ती बोटांना कळते. आकडा बघून मूल स्वतःच तपासतं, तुम्ही ‘चूक’ म्हणायची गरज उरत नाही.

इथे घोळ होतो तो एकदम वीस जोड्या मांडल्याने. चार वर्षांच्या मुलाला लहान-मोठ्या ५ जोड्या पुष्कळ झाल्या. सहा वर्षांच्याला एकाच मापाच्या १० द्या. आणि मूल ‘तिसऱ्यो’ म्हणालं तर ‘शिंपले म्हण’ म्हणून अडवू नका, घरात कोंकणी आणि पुस्तकात मराठी हे इथल्या मुलांना काही जड जात नाही.

कात्री

वर्तमानपत्राचा कागद कात्रीत दुमडतो, कापला जात नाही, आणि मूल कंटाळतं. जुन्या लग्नपत्रिका घ्या, जाडी अगदी बरोबर असते. आधी २ सेंमी रुंद पट्ट्या, म्हणजे एका चापात तुकडा पडतो. मग सरळ रेघ, मग वळण. अंगठा वर राहील असं धरायला शिकवा. डावखुऱ्या मुलाला साधी कात्री उजव्या हाताने वापरायला लावू नका, डावखुऱ्यांची वेगळी कात्री मिळते.

वाकडं कापलं तर तसंच चिकटवू द्या. रात्री गुपचूप कडा सरळ करून ठेवणारे पालक बरेच असतात आणि मुलाला ते सकाळी बरोबर कळतं.

फासे

चिंचोके दगडावर घासून किंवा ठोकून दोन फोडी करा (हे काम मोठ्यांचं). एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. अशा ४ फोडी म्हणजे फासा: जितक्या पांढऱ्या वर, तितके गुण. ज्याचे आधी २० होतील तो जिंकला. ‘किती पांढऱ्या जास्त वेळा पडतात?’ हे मुलाने विचारलं की उत्तर सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. सांगू नका. ० ते ४ असे पाच रकाने आखून द्या, दर फेकीला त्या रकान्यात एक रेघ मारायला सांगा. ५० फेकी झाल्या की रेघांकडे बघून मूल काय म्हणतं ते ऐका.