चिनी लोकांमध्ये ख्रिस्ती सेवा करायची तर

१. आधी माणसं ठरवा. "मला चिनी लोकांमध्ये काम करायचंय" एवढ्याने भागत नाही. सिंगापूरचे होक्कियन ही दक्षिण चीनची बोली बोलणारे आजोबा, कोलकात्याच्या टांगरा या चिनी वस्तीतलं हक्का बोलीचं कुटुंब आणि मेलबर्नला शिकायला आलेली शांघायची मुलगी यांची बोली वेगळी, देव्हारा वेगळा, धास्तीही वेगळी. एक गट निवडा नि त्याची भाषा शिका. मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, घेतलीत तर शब्दाचा अर्थ बदलणारे तिचे चार सूर कानात बसेपर्यंत बाकीची कामं अंगावर घेऊ नका.

२. कायदा वाचा. चीनमध्ये परदेशी माणसाला तिथल्या नागरिकांमध्ये धर्मप्रसार करता येत नाही. १ मे २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी तर अटी आणखी बारकाईने लिहिल्या आहेत. नोकरीच्या व्हिसावर जाऊन गुपचूप सभा भरवण्याचं धाडस काहींना मोठं वाटतं. मला ते बेजबाबदार वाटतं. तुम्हाला बहुधा परत पाठवतील. चौकशीचा ससेमिरा तिथल्या ख्रिस्ती भावाबहिणींच्या मागे लागतो. चीनबाहेरही चिनी माणसं भरपूर आहेत.

३. जुना हिशोब ठाऊक असू द्या. अफूच्या युद्धांत हरल्यावर चीनने जे तह केले, त्यांतल्या १८५८ च्या तहाने मिशनऱ्यांना देशाच्या आतल्या भागात वाट मोकळी झाली. "एक ख्रिस्ती वाढला, एक चिनी घटला" ही म्हण तिथे उगाच रुजली नाही. आपण कुठे गोरे साहेब, असं म्हणून हात झटकू नका. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात होती.

४. जेवायला बसा. यजमान चांगला तुकडा तुमच्या वाडग्यात टाकतील, तो खा. चहा दोन्ही हातांनी घ्या. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, ते मेलेल्याच्या नावाने लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं. "विचार करून सांगतो" हा बहुधा नकार असतो, तो मुकाट्याने घ्या. बायबल अभ्यासात वडीलधाऱ्याचं उत्तर चुकलं तर चारचौघांत दुरुस्त करू नका. नंतर एकट्यात बोला.

५. पूर्वजांचा प्रश्न टाळू नका. खरी कसोटी इथे आहे. मुलगा बाप्तिस्मा घेतो म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा येतो तो सिद्धांताने नव्हे: उद्या माझ्या तसबिरीपुढे कोण उभं राहील? मातेओ रिची हा इटालियन जेझुइट मिशनरी १५७८ मध्ये गोव्याला उतरला, तिथे शिकला आणि १५८३ मध्ये चीनमध्ये शिरला. आधी त्याने बौद्ध भिक्षूंची वस्त्रं घातली. मान विद्वानांना आहे हे कळल्यावर १५९५ मध्ये त्यांचा रेशमी झगा चढवला. पूर्वजांपुढचं वंदन हा आदर आहे, पूजा नव्हे, असं त्याचं मत होतं. पुढे रोमने, म्हणजे पोपने, ते अमान्य करून अशा वंदनाला मनाई केली, त्यावर चीनच्या कांगशी बादशहाने १७२१ मध्ये धर्मप्रसारच बंद केला आणि १९३९ मध्ये रोमने वंदनावरची आपली मनाई बरीचशी उठवली. तोवर दोन शतकं गेली होती.

प्रॉटेस्टंट मंडळ्या बहुधा उदबत्ती लावत नाहीत. पण एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांची थडगी साफ करण्याच्या दिवशी कुटुंबाबरोबर थडग्यावर जाता येतं. तण उपटा, दगड पुसा, फुलं ठेवा, आजोबांच्या आठवणी ऐका. वाकून नमस्कार करावा की नाही, हे तुम्ही सांगू नका. तो निर्णय चिनी पाळकाचा आणि त्या घराचा. कीर्तन-भजनातून उपासना करणाऱ्या ना. वा. टिळकांच्या मराठी मंडळीला हे पटायला जड जाऊ नये.

६. कारभार लवकर सोपवा. मंडळीने स्वतःचा कारभार, खर्च आणि प्रचार स्वतः पाहावा, हा विचार १९व्या शतकात हेन्री व्हेन या इंग्रज आणि रूफस अँडरसन या अमेरिकन मिशन-चालकांनी मांडला. हेच अँडरसन १८५४-५५ च्या भारतदौऱ्यात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्येही आले होते. दानपेटीची किल्ली, उपदेशाची पाळी, गाण्यांची निवड पहिल्या वर्षापासून चिनी मंडळीकडे असावी. तुम्ही खुर्च्या मांडा, विमानतळावरून नव्या विद्यार्थ्यांना आणा, भाड्याची खोली शोधून द्या.