आधी फळ्या तपासा: पूर्व आशियाई कॅबरेच्या रात्रीची तयारी

कार्यक्रमपत्रिका छापायला टाकण्याआधी रंगमंचावर पायमोजे घालून चालून बघा. जपानी नृत्य, राकुगो (बसून एकट्याने सांगायची विनोदी गोष्ट), शामिसेन (तीन तारांचं जपानी वाद्य), पान्सोरी (ढोलाच्या साथीने गायची कोरियन कथा), चीनच्या सिचुआन प्रांतातले बदलते मुखवटे आणि बुटो (जपानचं आधुनिक नृत्य), हे सगळं टेबलं मांडलेल्या शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या सभागृहात एका रात्रीत बसवायचं, तर क्रम कोणाचं नाव मोठं यावर लावू नका. तो जमिनीवर ठरतो. निहोन-बुयोमध्ये, म्हणजे या पारंपरिक जपानी नृत्यात, ताबी (अंगठा वेगळा असलेले मोजे) घातलेले पाय सरकतात आणि आपटतात. त्याला गुळगुळीत, कोरडं लाकूड लागतं. व्हिनाइलवर पाय अडतो, तेलाच्या थेंबावर घसरतो. म्हणून नृत्य सर्वांत आधी आणि तेलात कालवलेला सोनेरी रंग अंगाला फासून होणारं बुटो सर्वांत शेवटी. हा शेवट ओढूनताणून आणलेला नाही. टोकियोत नाचगाण्याच्या अशा रंगमंचांची परंपरा जुनी आहे: असाकुसा भागातलं कॅसिनो फोली १९२९चं, शिंजुकू भागातलं मुलाँ रूज १९३१चं, आणि पुढे बुटोचे नर्तक पोटासाठी कॅबरेतच सोनं फासून नाचत.

दोन-तीन महिने आधी कागदपत्रं हातात घ्या. वादक परदेशातून येत असेल तर शामिसेनची बाची (तारा छेडायची पट्टी) हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची नाही ना, हे लेखी विचारा. असेल तर परवान्याशिवाय सीमेवर अडकते. लाकडी किंवा प्लॅस्टिकची आणायला सांगणं सोपं. मुखवटेवाला तोंडातून आग काढणार असेल तर सभागृहाची आणि अग्निशमन दलाची परवानगी लागते. ती नसेल तर आग वगळा, नुसते मुखवटेही पुरतात.

खरा वेळ खातो तो पोशाख. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातली हिकिनुकी, म्हणजे प्रेक्षकांसमोर वरचा किमोनो क्षणात उतरवणं, कच्च्या टाक्यांवर चालते. टाक्यांच्या दोऱ्यांची टोकं मागे बसलेला काळ्या कपड्यातला सहायक ठरलेल्या क्रमाने ओढतो. एक दोरा अडकला की बाही अर्धी लोंबते आणि टाळी हशात जाते. प्रवेशाआधी प्रत्येक टोक बोटाने चाचपून बघा. तालमीत एकदा ओढलं की पुन्हा शिवायचं असतं, त्यामुळे रंगीत तालीम आणि प्रयोग यांच्यात शिवणाऱ्याला दोन तास मोकळे ठेवा. चेहऱ्यासाठी आधी मेणासारखं बिन्त्सुके तळहातावर ऊब देऊन पातळ चोळायचं, मग पाण्यात कालवलेली पांढरी ओशिरोई रुंद ब्रशने. मेण कमी पडलं तर रंग डाग-डाग दिसतो. मानेचा मागचा भाग स्वतःला रंगवता येत नाही, मदतनीस हवाच. किमोनोची डावी बाजू वर येते. उजवी वर असेल तर तो प्रेताचा पोशाख झाला.

राकुगोसाठी साठ-सत्तर सेंटिमीटर उंच चौथरा, वर लाल कापड आणि झाबुतोन, म्हणजे बसायची चौकोनी गादी. तिची शिवण नसलेली कड प्रेक्षकांकडे. कलाकार पात्र बदलताना मान डावी-उजवीकडे वळवतो, म्हणून कॉलरचा माइक नको. समोर बुटका स्टँड-माइक ठेवा, पंखा आपटल्याचा आवाजही त्यात येतो. सभागृहातले दिवे पूर्ण घालवू नका, त्याला चेहरे दिसायला हवेत. या वेळात ट्रे फिरवणं बंद. ग्लासांची किणकिण पंचलाइन खाते.

शामिसेन एसीच्या झोताखाली आणि तापत्या दिव्यांखाली ठेवू नका. कोरड्या हवेत कातडं फाटतं, नव्या तारा उतरत राहतात. तिसरी तार सर्वांत बारीक आणि आधी तुटणारी, तिच्या दोन जादा घ्या. पान्सोरीला चटई, गायिकेचा पंखा आणि तिच्याकडे तोंड करून बसलेला बुक (कोरियन ढोल) वाजवणारा, एवढंच. अख्खी कथा तासन् तास चालते, म्हणून पंधरा मिनिटांचा एक प्रसंग ठरवा. प्रेक्षकांनी ‘ओल्सिगू’ म्हणून दाद द्यायची असते, गप्प बसायचं नसतं. आपल्याकडच्या ‘वाहवा’सारखं सूत्रसंचालकाने ते आधी म्हणवून घ्यावं. नावं त्याने कलाकारांकडूनच उच्चारून घ्यावीत आणि नकली उच्चारांचे विनोद करू नयेत, ते हमखास अंगावर येतात.

मुखवटे बदलणाऱ्याला स्वतंत्र, कुलूप लागणारी खोली द्या. विंगेत कोणी उभं राहायचं नाही, चित्रीकरण फक्त समोरून. माइकची वायर त्याच्या अंगावर नको, गुंतते. तो टेबलांमध्ये उतरणार असेल तर सव्वा मीटरची वाट मोकळी ठेवा.

काबुकीतल्या कोळ्याच्या (जाळं विणणाऱ्या किड्याच्या) जाळ्याचे कागदी तंतू उधळणार असाल तर प्रवेश संपताच दोन माणसं झाडू घेऊन हवीत. ओल्या फळीवर ते चिकटतात. सोनेरी रंगाने कातडी गुदमरते ही समजूत खोटी. त्रास होतो पुरळाचा आणि उकाड्याचा, म्हणून आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा आणि अंगभर रंग वीस मिनिटांहून जास्त ठेवू नका. शेजारी गरम पाण्याचा शॉवर, खोबरेल, साबण, जुने टॉवेल, आणि वाटेवर प्लॅस्टिकची शीट अंथरलेली. नाहीतर सभागृहाची अनामत सोनेरी पावलांपायी जाते.